संत गोरोबाकाकांचे तेर येथील घर



यंदाच्या स्मरणिकेसाठी संतश्रेष्ठ गोरोबाकाकांच्या चरित्रावर चार पाने लिहावीत, अशी मंडळाच्या चिटणीसांची सूचना आली. परंतु काकांचे चरित्र ज्यास ठाऊक नाही असे एकही कुंभाराचे घर महाराष्ट्रात नसेल. म्हणून चरित्र बाजूस ठेवून, ज्या घरात ते घडले त्या घराविषयी लिहिण्याचे मी योजिले आहे. त्यास एक जुने कारणही आहे.

नोकरीत असताना मी एकदा शाळेची सहल तेरला नेली होती. तेरणेच्या काठी समाधीचे दर्शन झाले आणि मग गावात जतन करून ठेविलेले काकांचे घर आम्ही पाहिले. तेथे सातवीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे घर खरंच सातशे वर्षांचं आहे का? आमचं घर तर दर पावसाळ्यात गळतं." मी त्यास "श्रद्धेने पाहावे" असे सांगून पुढे नेले. हे उत्तर शिक्षकास शोभणारे नव्हते, ही रुखरुख आजवर मनात राहिली आहे. प्रश्न आपल्याच ज्ञातीतील मुलाचा होता.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातील गाव आज लहान दिसते. परंतु ते प्राचीन 'तगर' नगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरातून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट या इंग्रज विद्वानाने १९०१ साली प्रतिपादिले. काकांचा जन्म परंपरेने इ. स. १२६७ चा मानितात. म्हणजे काका जन्मले तेव्हा तेर गाव हजार वर्षांहून अधिक जुने झालेले होते. समाधी शके १२३९, अर्थात इ. स. १३१७ च्या चैत्र वद्य त्रयोदशीची.

येथे एक गोष्ट सहज नमूद करावीशी वाटते. नामदेवरायांचा जन्म १२७० चा व ज्ञानेश्वर महाराजांचा १२७५ चा धरिला, तर काका त्यांच्याहून अनुक्रमे तीन व आठच वर्षांनी वडील ठरतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा काकांनी तिशीही गाठली नव्हती. तरीही सर्व संतमंडळी त्यांस 'काका' म्हणत. हा मान केवळ वयाचा नसून अधिकाराचा असावा, असे मला वाटते.

आता घराकडे वळू. आपल्या मराठवाड्यातील जुनी घरे दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला व पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगापूर्वी दर वर्षी माळवदावर नवी माती टाकून ते चोपले नाही, तर पहिल्याच पावसात पाणी घरात येते. दोनचार वर्षे हयगय झाली तर तुळई कुजते आणि भिंत बसते. अशा भिंती किती भरवशाच्या असतात, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्याच्या उमरगा भागाने पाहिले आहे. तेव्हा तेराव्या शतकातील कच्च्या मातीची भिंत जशीच्या तशी आज उभी असेल, असे मानणे धाडसाचे आहे. त्या मुलाची शंका रास्त होती.

मग जतन झाले ते काय? माझ्या मते, जतन झाली ती जागा आणि ती डागडुजी करण्याची चाल. कुंभाराचे ठिकाण गावात सहसा हलत नाही. त्यास चिखलासाठी मोकळे अंगण हवे, जवळ पाणी हवे आणि आव्याचा धूर शेजाऱ्यांस जाचणार नाही अशी कड हवी. शिवाय तो बलुतेदार. खळ्यावरचे बलुते त्याच्या घराण्यास बांधलेले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो तेथेच राही. त्यात नदीकाठी समाधी आणि चैत्र वद्यातील यात्रा. दर वर्षी दूरदूरचे वारकरी येऊन "काकांचं घर कोणतं?" असे विचारीत असता, गावास ती जागा विसरणे शक्यच नव्हते. राजवटी किती बदलल्या! यादव गेले, बहामनी गेले, निजामाचे राज्य १९४८ साली संपले, जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली धाराशिव झाले. परंतु काकांच्या घरास दुसऱ्या कोणाचे नाव लागले नाही.

त्या घरातील दोन प्रसंग सर्वश्रुत आहेत. पहिला दुःखाचा. संती आई पाण्यास गेल्या, रांगते मूल अंगणात ठेविले, आणि भजनात देहभान हरपलेल्या काकांच्या पायांखाली ते चिखलात तुडविले गेले. महिपतीबुवांनी १७६२ साली पुरा केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा विस्ताराने आहे. कीर्तनकार पुढील चमत्कारावर भर देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या घरी उभे राहिले असता मला प्रथम आठवते ती पाण्याचा घडा घेऊन परतणारी आई. कुंभारणीस चुलीचे, पाण्याचे, मुलाचे आणि नवऱ्याच्या धंद्याचेही काम. तिचे अभंग कोणी लिहून ठेविलेले नाहीत. काकांचे मात्र गाथेत वीसच्या आसपास अभंग आहेत, आणि त्यांत चाकाचिखलाहून निर्गुणाचाच विचार अधिक आहे.

दुसरा प्रसंग परीक्षेचा. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाचे डोके थापटले, आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरविले. नामदेवराय रुष्ट झाले. परंतु पुढे विसोबा खेचरांना शरण गेले. तेरची परंपरा ही परीक्षा काकांच्याच घरची मानिते. कुंभाराचे हत्यार परमार्थाच्या कसोटीस लागले, याचा अभिमान आपल्या ज्ञातीने का बाळगू नये?

कच्चे आणि पक्के यांतील अंतर तेरमध्ये डोळ्यांनीही पाहता येते. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर भाजलेल्या विटांचे आहे. मागील बाजूस ते अर्धवर्तुळाकार असून मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक म्हणतात. ते सुमारे दीड हजार वर्षे उभे आहे. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. आणि गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमविलेल्या वस्तूंचे जे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, त्यात सातवाहनकाळातील भाजक्या मातीच्या मूर्ती, दिवे व भांडी मांडलेली आहेत. मूर्तींचे पुढचे व मागचे अंग दोन साच्यांत वेगवेगळे काढून सांधलेले दिसते. ज्या कारागिरांनी हे केले त्यांची नावे कोठेही नाहीत. काकांच्या जन्मापूर्वी हजार वर्षे याच गावची माती याच धंद्याचे लोक मळीत होते. काकांचे घर त्या लांब ओळीतील एक घर होय.

आपली मंडळी यात्रेस जातात ती समाधीचे दर्शन घेऊन, फार तर घरास हात जोडून गाडीत बसतात. मुलांस घेऊन जाल तेव्हा घर आणि संग्रहालय ही दोन्ही एकाच दिवशी दाखवावीत. चाक फिरताना पाहिलेली मुले आता आपल्या घरांतही थोडीच उरली आहेत.

त्या सहलीच्या दिवशी परत येताना त्याच मुलास वाटेत वाडग्याचे एक खापर सापडले. त्याच्या आतल्या बाजूस बोटांनी उठलेल्या गोल रेषा स्पष्ट होत्या. त्याचे आजोबा चाक चालवीत असत; रेषा पाहताच त्याने त्या ओळखिल्या व त्यांवरून आपले बोट फिरविले. खापर खिशात घालू लागला तेव्हा मी त्यास ते होते तेथेच ठेवावयास लाविले.