ऐकू येणारे नाटक आणि आपले हैदराबाद

मूसी नदीच्या उत्तरेस वसलेला बेगम बाजार हा मूळचा व्यापाऱ्यांचा महल्ला. दुसऱ्या असफजाहाची बेगम हुमदा हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली व तिच्यामुळेच बाजाराला हे नाव पडले, अशी परंपरा आहे. भांडी, किराणा आणि सुका मेवा यांच्या या पेठेत मारवाडी, तेलुगू, दखनी आणि मराठी या बोली एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या. अशा वस्तीत सणाच्या सुटीत एखाद्या लहान नाट्यसंस्थेने नभोनाट्याच्या धर्तीचा प्रयोग रंगमंचावर करावा, यात एक ऐतिहासिक औचित्य आहे.

या प्रयोगाला पडदे, नेपथ्य किंवा भरजरी पोशाख लागत नाहीत. हाती संहिता घेतलेले चार नट ध्वनिक्षेपकासमोर उभे राहतात. पत्रा हलवला की मेघ गर्जतो, करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो. बाकी सारे श्रोत्यांच्या मनात घडते. ज्या संस्थेची तिजोरी रिती आणि हौस मोठी, तिला हा प्रकार सोयीचा वाटला तर नवल नाही. परंतु त्याचे महत्त्व केवळ काटकसरीत नाही.

केवळ नभोवाणीसाठी लिहिलेले, आद्य म्हणून गणले जाणारे नाटक बी.बी.सी.ने 15 जानेवारी 1924 रोजी लंडनहून प्रक्षेपित केले. रिचर्ड ह्यूज यांच्या त्या नाटकातील माणसे कोळशाच्या खाणीत, अंधारात अडकलेली होती. जे पात्रांना दिसत नव्हते, ते श्रोत्यांनाही दिसत नव्हते. आपल्याकडे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, आणि 1935 मध्ये हैदराबादेत निजाम सरकारचा डेक्कन रेडिओ सुरू झाला. त्यावर प्राधान्य उर्दूला असले, तरी मराठी, तेलुगू व कानडी यांनाही वेळ मिळे.

हा वाटा किती मोलाचा होता, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली होती. तेथे आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागताच सभेतील काहींनी त्यांची हुर्यो उडवली. त्या अपमानातूनच आंध्र जनसंघाचा जन्म झाला. पुढे 1929 मध्ये गश्ती क्रमांक 53 ने सार्वजनिक सभांवरच निर्बंध घातले. एकदा सभेने माणसाला गप्प केले, दुसऱ्यांदा सत्तेने सभेला. पहिल्या प्रसंगाची सल आपण मराठी भाषकांनी विसरता कामा नये. कारण सुधारणेसाठी जमलेल्या त्या सभागृहात परक्या भाषेकडे कान देण्याची सुधारणा तेवढी राहून गेली.

17 सप्टेंबर 1948 रोजी प्रत्यक्ष निजामाला आपला निर्णय प्रजेला सांगण्यासाठी याच नभोवाणीचा आश्रय घ्यावा लागला. 1 एप्रिल 1950 रोजी हे केंद्र अखिल भारतीय नभोवाणीत विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेने मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचा मराठी समाज तेलुगू राज्यातील अल्पसंख्य झाला. ज्यांच्या भाषेला एके काळी भर सभेत हसण्यात आले होते, त्यांच्या राज्यात आता आपल्या भाषेला श्रोते शोधावे लागले.

म्हणून श्राव्य नाटकाचा हा सराव आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. त्यात उच्चार चोख लागतो, विराम नेमका लागतो. आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचे वाक्य संपू द्यावे लागते. हे शेवटचे शिक्षण सर्वांत कठीण. कीर्तनकाराच्या एकट्या वाणीतून सारी कथा उभी राहते ती समोरचे ऐकतात म्हणून. अनेक भाषांच्या या शहरात स्वतःची भाषा स्पष्ट बोलणे आणि शेजाऱ्याची भाषा शांतपणे ऐकणे, ही दोन्ही व्रते जो पाळील, तोच इथला खरा नागरिक.