बुद्धिबळातील प्रारंभांची निवड : एक ऐतिहासिक विचार

बुद्धिबळाचा अभ्यास नेटाने करू लागलेल्या खेळाडूपुढे एक प्रश्न लवकरच उभा राहतो. डावाचे नामांकित प्रारंभ असंख्य आहेत. त्यांपैकी कोणते अभ्यासावेत? हा प्रश्न सामान्यतः खेळातील व्यवहाराचा मानला जातो. वस्तुतः त्याला इतिहासाची एक बाजू आहे व ती ध्यानात घेतली असता उत्तर पुष्कळसे सुकर होते. प्रस्तुत टिपणात ती बाजू थोडक्यात मांडावयाची आहे.

युरोपातील बुद्धिबळविषयक ग्रंथांत प्रारंभांच्या विवेचनाच्या दोन रीती दिसतात. फिलिदोरने १७४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संपूर्ण डाव देऊन प्रत्येक महत्त्वाच्या खेळीमागील कारण सांगितले आहे. प्याद्यांची रचना हा त्याच्या विवेचनाचा गाभा होय. उलट, बिल्गेरने आरंभिलेल्या व १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन ग्रंथात प्रारंभांच्या खेळ्या कोष्टकांत मांडलेल्या आहेत. पहिली रीत व्याकरणाची, तर दुसरी कोशाची. कोश संदर्भासाठी अपरिहार्य आहे. परंतु कोश पाठ करून कोणी भाषा शिकत नाही.

या भेदाचे बोलके उदाहरण आपल्याच देशात सापडते. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास राहत असे. त्याचा तेथील प्रमुख प्रतिस्पर्धी मोहेशचंद्र बंद्योपाध्याय हा होता. दोघांमधील पुष्कळ डाव लिहून ठेवलेले असल्यामुळे आज उपलब्ध आहेत. १८५५ सालच्या एका डावात कॉक्रेनने वजिरापुढील व लगतच्या उंटापुढील प्यादे दोन-दोन घरे पुढे आणले. मोहेशचंद्राने प्रथम राजाकडील घोडा काढला, त्या घोड्याच्या स्तंभातील प्यादे एकच घर सरकवून उंटासाठी लांब कर्ण मोकळा केला, आणि मग वजिराच्या प्याद्याने मध्यावर आव्हान दिले. हीच मांडणी एर्न्स्ट ग्र्यूनफेल्डने १९२२ साली स्पर्धांत खेळली आणि ती त्याच्या नावाने रूढ झाली. ज्या मोठ्या प्रारंभकुलात तिची गणना होते, त्या कुलाला मात्र ‘भारतीय’ हे नाव मिळाले.

मोहेशचंद्राने ही मांडणी कोठून घेतली? देशी पद्धतीच्या खेळात प्रदेशपरत्वे नियम भिन्न असत. तथापि प्यादे सहसा पहिल्या खेळीतही एकच घर चाले, आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. अशा खेळात दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते. म्हणून प्रथम आपली रचना भक्कम करून मग मध्यावर चाल करून जाण्याची सवय लागते. ही सवय त्याने पाश्चात्त्य नियमांच्या पटावर नेली, असे अनुमान करावयास हरकत नाही. भाषाभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे : नवी भाषा बोलतानाही मातृभाषेची घडण उच्चारांत व वाक्यरचनेत उतरते. तात्पर्य, पुढे नाव पावलेला प्रारंभ मुळात पाठ केलेला क्रम नव्हता. ती समजून घेतलेली रचना होती.

दुसरे उदाहरण पंजाबातील मीर सुलतान खान यांचे. देशी पद्धतीत वाढलेले हे खेळाडू १९२९ साली इंग्लंडला गेले व १९२९, १९३२ आणि १९३३ अशा तीन वर्षी ब्रिटिश विजेते ठरले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरविले. त्या डावात त्यांनी पाचव्या खेळीस वजिराकडील हत्तीपुढील प्यादे एकच घर सरकविले होते. या साध्या खेळीवर आधारलेली पद्धत पुढे पेत्रोस्यानच्या नावाने मान्यता पावली. जागतिक संघटनेने सुलतान खान यांना २०२४ साली मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर पद दिले. तथापि या उदाहरणाचा एकांगी अर्थ लावू नये. प्रारंभांचे ज्ञान हे त्यांचे दुर्बल अंग होते आणि इंग्लंडमध्ये येट्स व विंटर यांच्याकडून त्यांना त्याचे पाठ घ्यावे लागले. रचनेची जाण मुख्य खरी. पण प्रारंभांची सर्वथा उपेक्षा परवडत नाही.

मग त्यांना वेळ तरी किती द्यावा? जगज्जेता लास्कर याने आपल्या पाठ्यग्रंथात दोनशे तासांचा अभ्यासक्रम सुचविला आहे. त्यात प्रारंभांच्या वाट्याला अवघे दहा तास येतात. डावपेचांना वीस, रचनाविचाराला चाळीस व प्रत्यक्ष खेळ आणि विश्लेषण यांना एकशेवीस तास दिलेले आहेत. मुंबईत १८१४ साली छापल्या गेलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ग्रंथातही भर आहे तो शिकाऊ खेळाडूसाठी निवडलेल्या कसोटीच्या पटस्थितींवर.

या सर्वांवरून विद्यार्थ्यास उपयोगी असा निकष निघतो. प्रारंभाची निवड त्याच्या कीर्तीवरून करू नये. त्यातून प्याद्यांची कोणती रचना उभी राहते आणि त्या रचनेत पुढे काय करावयाचे हे आपणांस सांगता येते की नाही, यावरून ती करावी. पांढऱ्या मोहऱ्यांसाठी एक प्रारंभ, आणि काळ्या मोहऱ्यांसाठी राजाच्या व वजिराच्या प्याद्याला एकेक उत्तर, एवढे भांडवल बराच काळ पुरते. प्रतिस्पर्धी पुस्तकाबाहेरची खेळी करतो तेव्हा पाठांतर संपते. तेथून पुढे, रचना उमगलेली असेल तोच खेळू शकतो.