शरदात कंद लावणारे शहर



दसरा झाला, पाऊस ओसरला, की आपल्याकडे मळ्यामळ्यांतून लसणाच्या लावणीचे काम निघते. आजी ओसरीवर सूप घेऊन बसते, गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करते. पोरे त्या पाकळ्या वाफ्यात टोचतात, आणि टोचताना शेंडा वर की खाली यावरून एकमेकांशी भांडतात. म्हातारी माणसे बसल्या जागी करू शकतात आणि लहान मुलांनाही जमते, असे हे काम. आज मी ज्या शहराची हकीकत सांगणार आहे, तिथेही शरद ऋतूत लहानथोर माणसे गुडघे टेकून मातीत कंद टोचतात. फरक एवढाच, की त्या कंदांचे पीक कोणाच्याच घरी यायचे नसते. हे शहर म्हणजे अमेरिकेतील न्यूयॉर्क.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? ढगांना टेकलेल्या इमारती, शेअरबाजार, मोटारींच्या रांगा. २०२० च्या शिरगणतीत तिथली वस्ती ८८ लाखांच्या घरात भरली. अशा ठिकाणी माणसाच्या हाताला माती लागावी कुठे? आणि लागलीच, तर ती माती कोणाची? ह्या दोन प्रश्नांभोवती त्या शहराचा सव्वाशे वर्षांचा एक इतिहास फिरतो. राजेरजवाड्यांचा नव्हे, तर कुदळी, खुरपी आणि झारे हाती घेणाऱ्या साध्या माणसांचा.

आधी तिथल्या ऋतूविषयी दोन शब्द. आपला शरद म्हणजे निरभ्र आकाश, कोजागिरीचे चांदणे आणि खळ्यावर येऊ घातलेले धान्य. तिकडचा शरद सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. मेपल, ओक ह्या झाडांची पाने हिरवी होती ती पिवळी, केशरी, तांबडी होतात आणि मग सारी गळून पडतात. नोव्हेंबरात संध्याकाळचे पाच वाजायच्या आतच अंधारून येते. पुढे जमीन गोठते. तेव्हा मातीत जे काही घालायचे, ते ह्या दोनअडीच महिन्यांतच घालावे लागते. म्हणून तिथल्या कष्टाच्या कामांना शरदात घाई असते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. १९०२ साली मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला, हडसन नदीच्या बाजूस, गोरगरीब वस्तीतल्या एका उद्यानात फॅनी ग्रिस्कम पार्सन्स नावाच्या बाईंनी मुलांची एक शेतशाळा काढली. डेविट क्लिंटन पार्क हे त्या उद्यानाचे नाव. भोवतालची वस्ती देशोदेशींहून पोटासाठी आलेल्या मजुरांची. त्यांच्या पोरांना खेळायला रस्ता, आणि बघायला विटांच्या भिंती. बाईंनी तिथल्या कचऱ्याने भरलेल्या जागेत वाफे पाडले आणि एकेका मुलाला एकेक वाफा नेमून दिला. मुलांनी त्यात भाज्या पेरल्या, निंदणी केली, पाणी घातले आणि पीक आपल्या हातांनी काढले.

श्रोत्यांतील शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाजी पिकवणे हा पार्सन्सबाईंचा मुख्य हेतू नव्हताच. शेजारच्या वाफ्यावर पाय पडू द्यायचा नाही, आपल्या वाट्याचे काम दुसऱ्यावर ढकलायचे नाही, आणि जी जागा सर्वांची ती आपलीही आहे असे समजून वागायचे, हे पुस्तकाने शिकवता येत नाही. ते त्यांना मुळ्याच्या आणि बीटाच्या वाफ्यात शिकवायचे होते. पुढे दोन्ही महायुद्धांच्या काळात अमेरिकेत घराघरांनी आणि शाळांनी भाजीपाला लावण्याची मोठी मोहीम झाली. युद्ध संपले, तशी ती मोहीमही संपली. शहर पुन्हा विटा आणि सिमेंट यांच्याकडे वळले.

मग आले १९७० नंतरचे दशक. आज कोणाला खरे वाटणार नाही, पण १९७५ साली हे श्रीमंत शहर दिवाळे निघण्याच्या काठावर उभे होते. नोकर कमी केले गेले, बागा उजाड झाल्या. कित्येक घरमालकांनी पडक्या इमारती सोडून दिल्या. काहींना आगी लागल्या, काही पाडल्या गेल्या, आणि भर वस्तीत रिकाम्या जागांची भगदाडे पडली. तिथे गंजकी पिंपे, फुटक्या बाटल्या, मेलेली जनावरे. आपल्या गावाबाहेरच्या उकिरड्याला निदान काही शिस्त असते. इथे तीही नव्हती.

अशा वेळी, १९७३ साली, लिझ क्रिस्टी नावाची एक चित्रकार बाई आणि तिचे सोबती पुढे आले. त्यांनी आपल्या टोळीचे नाव गमतीने ‘ग्रीन गेरिलाज’, म्हणजे हिरवे गनिमी सैनिक, असे ठेवले. गनिमी काव्याचे नाव निघाले की मराठी माणसाचे कान टवकारतात! पण ह्यांचा दारूगोळा निराळा होता. बी आणि खत यांचे ओले गोळे करायचे आणि कुंपणावरून त्या ओसाड जागांत फेकायचे. बावरी आणि ह्यूस्टन ह्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांनी एक जागा साफ केली, कचरा वाहून नेला, माती आणून टाकली, वाफे पाडले. १९७४ साली नगरपालिकेने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. १९७८ साली अशा बागांसाठी नगरपालिकेने ‘ग्रीनथम’ हा स्वतंत्र विभागच उघडला. आज ह्या विभागाशी जोडलेल्या बागा पाचशेंहून अधिक आहेत.

ह्या बागा राखल्या कोणी? आसपासच्या कुटुंबांनी. पोर्टो रिको बेटावरून आलेल्या लोकांनी तिथे आपल्या गावाकडच्यासारखी लाकडी झोपडी उभारली, मिरच्या आणि मका लावला. आजोबा पाणी घालीत, आई निंदणी करी, मुले गांडुळे शोधीत. शरदात पीक निघाले की शेजारीपाजारी एकत्र बसून जेवत. परदेशात आलेल्या माणसाला आपला गाव असा दहा हात जागेत पुन्हा भेटत होता.

पण मंडळी, इथेच गोष्टीला कलाटणी मिळते. कष्ट लोकांचे होते, माया लोकांची होती, परंतु सातबारा मात्र लोकांच्या नावाचा नव्हता. शहराचे दिवस पालटले, जमिनीचे भाव चढले. लोकांनी उकिरड्याची बाग केली आणि बागेमुळे त्या वस्तीचीही किंमत वाढली. १९९९ साली महापौर रूडॉल्फ ज्युलियानी यांच्या कारभारात शंभरावर बागांचा जाहीर लिलाव पुकारला गेला. घरे हवीत, पैसा हवा, आणि जागा तर नगरपालिकेचीच, असे सरकारचे म्हणणे. ते अगदीच खोटे होते असेही नाही, कारण त्या शहरात घरांची वाण होतीच. पण पंचवीस वर्षे ज्यांनी माती वाहिली, त्यांनी काय करावे? लोकांनी मोर्चे काढले, कोर्टाची पायरी चढली. शेवटी ऐन लिलावाच्या तोंडावर दोन संस्थांनी त्या बागा विकत घेतल्या. त्यांतली एक प्रसिद्ध गायिका आणि नटी बेट मिडलर यांनी स्थापन केलेली होती. पुढे २००२ साली तडजोड होऊन आणखी कित्येक बागांना संरक्षण मिळाले. स्वयंसेवेने जमीन जिवंत होते, पण ती राखायला कागदही लागतो, हा धडा त्या शहराने असा महागात घेतला.

आणि तडजोड होण्याआधीच, २००१ च्या शरदात, त्या शहरावर आकाश कोसळले.

११ सप्टेंबर २००१. सकाळची वेळ, आकाश स्वच्छ निळे. अतिरेक्यांनी पळवलेली दोन विमाने वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांवर आदळली आणि दोन तासांच्या आत दोन्ही मनोरे जमीनदोस्त झाले. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवसाच्या घातपातात २७५३ माणसे दगावली. ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. ज्यांचे कोणी गेले, त्यांतल्या पुष्कळांना शेवटचे दर्शनही मिळाले नाही. अशा वेळी माणूस काय करतो? रक्त देतो, अन्न पोचवतो, मेणबत्त्या लावतो. पण हजारो माणसांना अजून काही करायचे होते आणि काय करावे ते सुचत नव्हते.

त्या सुमारास लिंडन मिलर ह्या बागरचनाकार बाईंना नेदरलंड्समधून निरोप आला. ह्या बाई मूळच्या चित्रकार. सेंट्रल पार्कमधली एक मोडकळीस आलेली बाग १९८२ पासून त्यांनी पुन्हा उभी केली होती. निरोप पाठवणारे हान्स व्हान वार्डेनबर्ग हे फुलांच्या कंदांचे व्यापारी. न्यूयॉर्कच्या दुःखात आपला वाटा म्हणून त्यांनी डॅफोडिलचे कंद मोठ्या संख्येने देऊ केले. रॉटरडॅम शहरानेही हात पुढे केला. डॅफोडिल म्हणजे ते पिवळे फूल, वर्ड्स्वर्थच्या कवितेमुळे आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांना ठाऊक असलेले. न पाहता शिकवावे लागते, ही त्यांची अडचण!

कंद आले, पण ते लावणार कोण? उद्यान खात्याच्या माळ्यांच्या आवाक्यातले ते काम नव्हते. म्हणून हाक घातली गेली आणि त्या शरदात हजारो माणसे शहराच्या पाचही भागांतल्या बागांत जमली. शाळेची मुले आली, आईबाप आले, म्हातारी माणसे आली. दक्षिणेकडे ढिगारा अजून धुमसत होता, आणि ही माणसे थंड मातीत सहा इंचांचे खड्डे घेत होती. कंदाचा शेंडा वर, मुळाची बाजू खाली, वर माती लोटून हाताने दाबायची. बस्स, एवढेच काम. त्याला भाषण लागत नाही, शिक्षण लागत नाही. शेजारी कोण बसले आहे, त्याचे कोण गेले, हेही विचारावे लागत नाही. त्या एका मोसमात दहा लाखांहून अधिक कंद मातीत गेले.

आता शेतकरी श्रोत्यांना ह्या कंदाची खुबी सांगतो. डॅफोडिलला फुलायच्या आधी थंडी लागते. शरदात लावलेला कंद मातीत मुळे धरतो, हिवाळाभर बर्फाखाली पडून राहतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. त्याच्या अंगी विष असते, म्हणून खारी आणि उंदीर त्याच्या वाटेला जात नाहीत. शिवाय तो दरवर्षी पुन्हा उगवतो आणि जमिनीतच वाढत, फुटत जातो. म्हणजे लावणाऱ्याला त्या दिवशी दिसते ती फक्त काळी माती. फूल पाहायचे तर सहा महिने धीर धरायचा. शोक झालेल्या माणसालाही असाच धीर धरावा लागतो, नाही का? २००२ च्या वसंतात त्या शहराच्या बागा पिवळ्या झाल्या तेव्हा, ज्या मुलाने कंद लावला होता, त्याला बोट दाखवून सांगता आले, की हे मी लावले.

हे काम त्या एका वर्षापुरते राहिले नाही. ‘न्यूयॉर्कर्स फॉर पार्क्स’ ही संस्था दर शरदात कंद फुकट वाटते. अट एकच: ते खासगी अंगणात नव्हे, सार्वजनिक जागेत लावायचे. आजवर सत्तर लाखांहून अधिक कंद लागले आहेत. २००७ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात डॅफोडिल हे शहराचे अधिकृत फूल ठरले. शिवाय शरदातली इतरही कामे आहेतच. सप्टेंबरात समुद्रकिनारे साफ करतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळलेली पाने गोळा करून खत करतात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला मुले लाल भोपळे कोरून त्यांत दिवे लावतात. सण झाला, की काही बागांत तेच भोपळे आपटून फोडण्याचा खेळ होतो आणि तुकडे खताच्या ढिगात जातात. मुलांना मौज, मातीला खत.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण येतो. त्या दिवशी गरिबांना जेवण वाढायला इतकी कुटुंबे धावतात, की अन्नछत्रांना कित्येकांना परत पाठवावे लागते. फेब्रुवारीच्या थंडीत मात्र तिथेच माणसे कमी पडतात. सणाची सेवा सोपी, आडदिवसाची अवघड. आणि लोक फुकट राबतात म्हणून सरकारने माळी कमी करावेत, हेही बरे नव्हे. १९७५ नंतर त्या शहराने त्याची फळे भोगली.

आपण तरी काय निराळे? आपल्याकडे १९५० पासून वनमहोत्सव होतो. एका शाळेत मी स्वतः पाहुणा म्हणून एक रोप लावले, फोटोही निघाला. पुढच्या वर्षी गेलो तर त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावण्यासाठी मला पुन्हा बोलावले होते! आधीच्या रोपाला चैत्रात पाणी कोणी घालायचे, हे ठरलेलेच नव्हते. दोष त्या मुलांचा नव्हता, फोटोपुरता आलेल्या माझ्यासारख्या पाहुण्यांचाच होता.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. शंभर रोपांचा समारंभ न करता मुलाला एक वाफा नेमून द्यावा. घरच्या आजीला किंवा आजोबांना एक दिवस शाळेत बोलवावे, लावणी त्यांनी शिकवावी. सुटीत पाणी कोण घालणार, हे लावण्याआधी ठरवावे. आणि ती जागा शाळेची की गावाची, ते ग्रामपंचायतीच्या कागदावर नीट लिहून घ्यावे. न्यूयॉर्ककरांना जे पंचवीस वर्षांनी उमगले, ते आपल्याला पहिल्याच दिवशी कळलेले बरे.