मुष्टियुद्धपट व चरित्रसत्यता

मुष्टियोद्ध्याच्या जीवनावर बेतलेला चित्रपट आणि त्याचे प्रत्यक्ष चरित्र यांतील मेळ. हा चित्रप्रकार प्रामुख्याने अमेरिकेत रुजला. रेजिंग बुल (१९८०) हा जेक लामोटाच्या आत्मचरित्रावर आधारित आहे. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कबीर खान दिग्दर्शित चंदू चॅम्पियन (२०२४) हे होय.

या चित्रपटाचे चरित्रनायक, सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर, सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मी. मुक्तशैली जलतरणात त्यांनी सुवर्णपदक पटकावले (⟶ पॅरालिंपिक). चित्रपटात हा कणा शाबूत आहे; बिघडते ते प्रमाण. पदकानंतर पद्मश्री मिळेपर्यंत (२०१८) ४६ वर्षे गेली, पण उपेक्षेचा हा लांबलचक, घटनाशून्य काळ पडद्यावर प्रामुख्याने पेटकरांच्या पोलीस ठाण्यातील निवेदनापुरता उरतो. लढतींचेही तसेच: प्रत्यक्षात बरेच ठोसे हातमोज्यांवर अडतात, प्रतिस्पर्धी एकमेकांना बिलगून वेळ काढतात, पडद्यावर मात्र जवळपास प्रत्येक ठोसा जबड्यावरच बसतो. दोन-अडीच तासांत आयुष्य मावत नाही, काटछाट अटळ आहे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र गाळणे वेगळे आणि उलटे दाखवणे वेगळे. सिंड्रेला मॅन (२००५) मधील मुष्टियोद्धा मॅक्स बेअर प्रतिस्पर्ध्याच्या मृत्यूची फुशारकी मारतो. वास्तवात प्रतिस्पर्धी फ्रँकी कॅम्पबेलच्या मृत्यूने (१९३०) तो खचला होता. इथे वेळेची सबब लागू पडत नाही, कथेला खलनायक हवा होता (⟶ चरित्रपट, मुष्टियुद्ध).