प्रलयानंतरचा बाजार

मराठीत प्रलयोत्तर कथा नाही, अशी तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. जग बुडाले, नगरे ओस पडली आणि उरलेली चार माणसे मागे राहिलेल्या वस्तूंच्या ढिगाऱ्यातून वाट काढीत आहेत, अशा तऱ्हेच्या कादंबऱ्या इंग्रजीत विपुल. आपल्याकडे मात्र जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’सारखे एखादेच नाव पुढे येते. त्या कथेत मुंबईत बर्फ पडते खरे, परंतु संकट अखेर विज्ञानाच्या बळावर परतविले जाते. तेव्हा तक्रार वरवर पाहता खोटी नाही. तथापि आम्हांस ती मान्य नाही, आणि का नाही, हे सांगण्यासाठी वाचकांस करी रोडपर्यंत नेणे भाग आहे.

तत्पूर्वी या कथाप्रकाराच्या मर्माविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रलय हे त्यातील निमित्त होय. खरा प्रश्न असतो तो वस्तूंचा. माणसाने जन्मभर जे जमविले, त्याचे मोल बाजार उठल्यावर किती उरते? मेरी शेली हिने 1826 साली ‘द लास्ट मॅन’मध्ये रोगाच्या साथीने सारी मानवजात संपविली. कॉर्मक मकार्थीच्या ‘द रोड’ (2006) या कादंबरीत बाप आणि मुलगा राखेने माखलेल्या देशातून चालतात ते दुकानातली सामानाची हातगाडी ढकलीत. एके ठिकाणी शीतपेयाचा एकुलता एक डबा सापडतो, आणि बाप तो मुलास देतो. ज्या पेयाच्या जाहिरातींनी भिंती रंगल्या, त्याचा हा शेवटचा घोट! 1978 च्या ‘डॉन ऑफ द डेड’ या चित्रपटात तर मेलेली माणसेही सवयीने मॉलकडेच वळतात. विनोद भडक आहे, परंतु अचूक आहे.

हा विचार आपणांस अगदीच परका आहे असे मात्र नव्हे. महाभारतातील मौसलपर्व पुन्हा वाचावे. सुबत्तेने मातलेले यादव प्रभासक्षेत्री मद्यपान करून एकमेकांस ठार करतात, द्वारका समुद्रात बुडते, आणि उरलेल्यांस घेऊन निघालेल्या अर्जुनास वाटेत आभीर लुटतात. गांडीव हाती असून चालत नाही. वैभवाचा अंत आणि त्यानंतरची भकास वाट, दोन्ही त्यात आहेत.

आता करी रोड. हे नाव खाद्यपदार्थावरून पडले असावे, असा नवख्या माणसाचा समज होतो. वास्तविक ते चार्ल्स करी या रेल्वे अधिकाऱ्याचे. मुंबईतील पहिली कापडगिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवास स्थापिली, आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, करी रोड हा सारा मुलूख धुराड्यांनी भरून गेला. 1895 साली वेल्सने ‘द टाइम मशीन’मध्ये दोन मानवजाती कल्पिल्या: वर उजेडात नुसती उपभोग घेणारी, आणि खाली अंधारात यंत्रे चालविणारी. लंडनास ते भविष्य वाटले. गिरणगावात त्याची पहिली पाळी भल्या पहाटे भोंग्यावर सुरू होत होती. दुसऱ्याच वर्षी प्लेग आला, लाखो माणसे शहर सोडून कोकणात व देशावर निघून गेली, आणि गिरण्यांस हात मिळेनासे झाले. परंतु ते ओसाडपण तात्पुरते होते. माणसे परतली, भोंगे पुन्हा वाजले.

खरा प्रलय 18 जानेवारी 1982 रोजी आला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पाऊस पडला नाही, भूकंप झाला नाही. केवळ भोंगे थांबले. त्यानंतर जे घडले त्यात कारखानदारी, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीचा भाव आणि सरकारी धोरण यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. 1991 च्या नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरांस, एक मालकास. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. ज्या भूमीवर इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. म्हणजे जवळजवळ सारीच सुटली.

येथेच आमच्या प्रलयकथेचा क्रम पाश्चात्त्य कथेहून उलटा होतो. तेथे आधी बाजार असतो, मग नाश येतो. येथे आधी नाश झाला, आणि त्या राखेवर बाजार भरला. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला. जुने धुराडे शोभेपुरते राखले. जेथे कापड विणले जात होते तेथे परदेशी नावाचे तयार कपडे विकले जाऊ लागले. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव त्या गिरणीस देणाऱ्याने हे मनातही आणले नसेल.

जयंत पवार यांनी मात्र ते हेरले. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहास 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, आणि नावातच सारा उपहास आहे: मोर सुंदर खरा, पण तो नाचतो कोणाच्या राखेवर? त्यापूर्वीच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरचे चाळीतील एक कुटुंब आहे: आई, मुलगी आणि तीन मुलगे, पैकी एक टोळीत गेलेला. जग संपल्यानंतर उरलेली माणसे ती हीच. समीक्षकांनी या लेखनास वास्तववादी म्हणून एका फडताळात ठेवले, व विज्ञानकथेस दुसऱ्या. फडताळे बदलावीत, इतकेच आमचे मागणे आहे.

कोणी म्हणेल, यात भविष्य कोठे आहे? 2018 साली लष्कराने करी रोड स्थानकावर नवा पादचारी पूल बांधून दिला. सकाळी त्या पुलावर उभे राहावे. पश्चिमेकडे काचेचे मनोरे दिसतात, आणि त्यांच्या दिशेने चाललेल्या गर्दीत गिरणी कामगारांची काही नातवंडेही असतात, पहारेकऱ्याचा वा विक्रेत्याचा गणवेश पिशवीत घालून. आजोबांची पाळी त्याच वाटेने जात असे.