मसाईंचं आंबट दूध

दह्यातल्या जंतूंना शास्त्रात मान मिळवून दिला तो एली मेच्निकॉफ यांनी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे हे रशियन शास्त्रज्ञ, १९०८ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. आतड्यात अन्न कुजून म्हातारपण लवकर येतं आणि आंबवलेलं दूध ते रोखतं, असं त्यांचं मत. स्वतः नेमाने आंबट दूध पीत. गेले मात्र ७१व्या वर्षी, १९१६ साली, तेही हृदयविकाराने!

चरबीचा मुद्दा पुढे आला तो आफ्रिकेत. जॉर्ज मान हे अमेरिकन डॉक्टर १९६०च्या दशकात टांगानिकातल्या (आताचा टांझानिया) मसाई लोकांमध्ये गेले. गुरं राखणारी ही माणसं. आहार मुख्यतः दूध, मांस आणि गुरांचं रक्त. इतकी चरबी पोटात जाऊनही रक्तातलं कोलेस्टेरॉल कमीच! पुढे १९७४ साली मान यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मसाई पुरुषांचे दोन गट केले. दोघांनाही भरपूर आंबट दूध, पण एका गटाच्या दुधात कोलेस्टेरॉल वाढेल अशा अपेक्षेने एक रसायन घातलेलं. माणसांची वजनं वाढली आणि कोलेस्टेरॉल मात्र दोन्ही गटांत उतरलं. मग संशय गेला तो दुधातल्या जंतूंवर.

हे घडतं कसं? यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. साबणाने तेलकट भांडं सुटावं तशी ती आतड्यात चरबी फोडतात आणि त्यातली बहुतेक पुन्हा यकृताकडे परततात. काही जंतू या पित्ताम्लांची मोडतोड करतात, मग ती जास्त प्रमाणात मलावाटे जातात. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. हिशेब सोपा आहे.

पण इतिहास तिथे थांबत नाही. १९७२ साली मान यांनीच मृत मसाईंच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध केली होती. त्यांच्या रक्तवाहिन्यांतही चरबीचे थर होतेच! फक्त त्या वाहिन्या रुंद झालेल्या असल्याने रक्ताला वाट उरली होती. याचं श्रेय मान यांनी दिलं ते मसाईंच्या दमदार चालण्याला, दुधाला नव्हे. नंतरच्या प्रयोगांतही काही ठराविक जंतूंनी कोलेस्टेरॉल उतरलं, पण थोडंसंच. शिवाय एका जातीच्या जंतूचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही.

हे सगळं लिहायचं कारण, आमच्या दादाने मोबाइलवरचा कुठलासा निरोप वाचून कोलेस्टेरॉलची गोळी सोडली आणि ताक धरलं आहे. दादा, ताक अवश्य घे, जेवणानंतर वाटीभर घे. पण वाटीभर ताकाने मसाई होता येत नाही रे. ते गुरांमागे मैलोन्‌मैल चालत, तू भाजीलाही स्कूटरवरून जातोस. तेव्हा गोळी आजच डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू कर, आणि निकाल वहिनीला सांग.