नाशिकच्या घरांतला स्वस्त टेलिफोन

आज नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एखाद्या घरांतून कॅलिफोर्नियांतल्या मुलाशीं तासभर बोलणें होतें, आणि त्या बोलण्याचा वेगळा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तें तांब्याच्या तारेंतून जातें कीं काचेच्या धाग्यांतून, त्याचे पैसे कोणास मिळतात, आणि कायद्यास तें मान्य आहे कीं नाहीं, हे प्रश्न बोलणाऱ्याच्या मनास शिवतहि नाहींत. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हे तिन्ही प्रश्न जड होते. त्यांतला तिसरा तर मोठा चमत्कारिक होता. स्वस्त टेलिफोनचें साधन तयार होतें, तें वापरण्यास उत्सुक असलेलीं माणसें तयार होतीं, आणि तरीहि वाट अडविलेली होती.

महाराष्ट्रांत टेलिफोन आला तो मुंबईच्या पेढ्यांसाठीं. तेथलें पहिलें केंद्र १८८२ सालीं उघडलें. खाजगी कंपनीकडे असलेला हा धंदा सरकारनें १९४३ सालीं आपल्या हातीं घेतला. समुद्रापलीकडे बोलण्याची सोय त्याच्या दहा वर्षें आधींच झाली होती. विलायतेशीं बिनतारी संदेश चालविण्यासाठीं १९२७ सालीं पुण्याजवळ खडकी येथें प्रक्षेपणाचें व दौंड येथें ग्रहणाचें केंद्र सुरू झालें. पुढें १९३३ सालीं बिनतारी विद्येच्याच आधारें हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें प्रत्यक्ष बोलणें होऊं लागलें. अर्थात् तें गव्हर्नरांसाठीं आणि गिरणीमालकांसाठीं. नाशिकच्या गृहस्थाचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता.

त्याचा संबंध आला तो ट्रंक कॉलशीं. परगांवीं बोलावयाचें तर ऑपरेटरकडे क्रमांक नोंदवावा आणि यंत्रापाशीं वाट पाहत बसावें. साधा, तातडीचा व लाइटनिंग असे वर्ग असत. घाई जितकी अधिक तितकी किंमत अधिक. १९६० च्या नोव्हेंबरांत लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान ऑपरेटरवांचून थेट क्रमांक फिरविण्याची सोय झाली, आणि ती हळुहळू इतर शहरांत पसरली.

पुण्याहून नाशिकला येतांना वाटेंत नारायणगांव लागतें. त्याच्या जवळच जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें १९७१ सालीं देशांतलें पहिलें व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झालें. पुढें त्यास विक्रम साराभाई यांचें नांव मिळालें. शेतांच्या मधोमध सुमारें ९७ फूट व्यासाची ती थाळी आकाशाकडे तोंड करून उभी राहिली, आणि परदेशाशीं होणारीं बोलणीं तिच्या वाटेनें उपग्रहावर जाऊन परतूं लागलीं. एस. टी. च्या खिडकींतून ती पाहणाऱ्या किती उतारूंना तिचें काम ठाऊक असेल, कोण जाणे.

वाट झाली तरी जकात कायम होती. १९८४ सालीं सी-डॉट ही संस्था निघाली, देशी बनावटीचीं केंद्रें बसूं लागलीं, आणि गल्लोगल्ली एस. टी. डी. च्या पिवळ्या पाट्या दिसूं लागल्या. रात्रीं उशीरां दर दिवसाच्या चतुर्थांशावर येई; म्हणून जेवणें उरकून लोक त्या पाटीखालीं रांग लावीत. काचेच्या खोक्यांत भिंतीवर आंकडे पळत असत, आणि बोलणाऱ्याचा एक डोळा त्यांवर खिळलेला असे. शतकाच्या अखेरीस अमेरिकेशीं बोलण्यास मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास पडत. दहा मिनिटें म्हणजे सहाशें रुपये. एवढ्या किंमतींत क्षेमकुशल विचारलें जाई, पैसे पोंचल्याचें सांगितलें जाई. दुखणें किंवा एकटेपण सांगण्याइतका वेळ क्वचितच उरे. म्हातारीं माणसें तर "ठेव, ठेव, फार पैसे पडतील" यांतच निम्में बोलणें संपवीत.

या जकातीला धक्का देणारी युक्ति मुळांत फार साधी आहे. टेलिफोनच्या जुन्या पद्धतींत बोलणें चालू असेपर्यंत दोन घरांमधली एक वाट सबंध राखून ठेवावी लागे. दोघेहि गप्प बसले तरी भाडें चालूच. इंटरनेटच्या पद्धतींत आवाज बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापला जातो, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो, आणि टपालांतल्या पाकिटांप्रमाणें ते तुकडे इतरांच्या पत्रांत, चित्रांत मिसळून निघतात. पलीकडे त्यांची पुन्हां जुळणी होते. फार उशीरां आलेलें पाकीट टाकून द्यावें लागतें. बोलणें मध्येंच तुटतें तें त्यामुळें. अमेरिकेंत १९७४ सालींच याचे प्रयोग झाले होते. इस्राएलमधील व्होकलटेक या कंपनीनें १९९५ च्या फेब्रुवारींत घरगुती संगणकासाठीं असा कार्यक्रम विक्रीस काढला, आणि त्याच वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनें भारतांत इंटरनेट लोकांस खुलें केलें. म्हणजे साधन आणि वाट एकाच वर्षीं हातीं आलीं.

पण मध्यें १८८५ चा तार-कायदा उभा होता. तारेनें संदेश नेण्याचा मक्ता सरकारचा, हें त्याचें मूळ सूत्र. ज्या काळीं तो केला गेला त्या काळीं घरांत टेलिफोन ही नवलाई होती. त्याच सूत्रानें शंभर वर्षांनंतर संगणकावरील बोलण्यास आवर घातला. १९९९ च्या दूरसंचार धोरणांत इंटरनेटवरील टेलिफोनला तूर्त परवानगी नाहीं, असें स्पष्ट लिहिलें गेलें. या बंदीस केवळ आडमुठेपणा म्हणणें अन्यायाचें होईल. लांबच्या बोलण्यांतून मिळणाऱ्या पैशावर गांवांतला टेलिफोन आणि खेड्यांतलीं केंद्रें स्वस्तांत चालत. ती मिळकत एकदम बुडाली असती तर भार खेड्यांवर पडला असता. तथापि हा भार उचलीत कोण होतें, हेंहि पाहिलें पाहिजे. मोठ्या कंपन्या स्वतःसाठीं वेगळ्या वाटा भाड्यानें घेऊं शकत. मिनिटाला साठ रुपये मोजणारी होती ती परदेशीं गेलेल्या मुलीची आई. खेड्यांचा टेलिफोन तिच्या काळजीच्या पैशावर चालावा, ही व्यवस्था कितीहि सोयीची असली तरी न्यायाची खचित नव्हती.

१ एप्रिल २००२ रोजीं दोन गोष्टी एकदम झाल्या. विदेश संचार निगमचा परदेशच्या बोलण्यावरील मक्ता संपला आणि इंटरनेटवरील टेलिफोनला परवानगी मिळाली. मात्र ती अर्धीच. संगणकावरून संगणकावर कोठेंहि बोलावें. संगणकावरून परदेशांतल्या साध्या टेलिफोनवर बोलावें. देशांतल्या साध्या टेलिफोनवर मात्र बोलूं नये. म्हणजे नाशिकच्या संगणकावरून न्यू जर्सीतल्या टेलिफोनची घंटा वाजवितां येई, शेजारच्या सिन्नरच्या टेलिफोनची नाहीं!

तरीहि घरोघर कांहीं तरी घडूं लागलें होतें. भारत संचार निगमनें २००५ च्या जानेवारींत ब्रॉडबँड सुरू केलें तेव्हां त्याचा वेग सेकंदाला २५६ किलोबिट होता. जुन्या टेलिफोनच्या तोडीच्या आवाजास पाकिटांच्या वेष्टनासह सुमारें ८७ किलोबिट लागतात, आवळून बांधलेल्या आवाजास ३१ पुरतात. म्हणजे जागा पुरेशी होती. घरीं अशी सोय करण्यास लागे तें एवढेंच: ब्रॉडबँड, त्यास जोडलेला राउटर, आणि साध्या टेलिफोनची वायर बसेल अशी अडॉप्टरची एक लहानशी पेटी. क्रमांक फिरविला कीं ही पेटी एसआयपी नांवाच्या, १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संकेतांनीं पलीकडच्या सेवेस हांक मारते. त्याच वर्षीं निघालेल्या अ‍ॅस्टरिस्क या फुकट मिळणाऱ्या प्रणालीनें तर जुन्या संगणकाचें घरगुती एक्स्चेंज करतां येऊं लागलें. मात्र तें हौशी मंडळींचें काम.

परदेशांतली मुलें सुटींत येतांना बॅगेंतून अशी पेटी आणीत. तिला अमेरिकेचा क्रमांक असे. नाशिकच्या दिवाणखान्यांत ती जोडली कीं मुलाला तिकडून आईला बोलावणें म्हणजे गांवांतल्या गांवांत बोलावण्यासारखें होई. परवान्यांच्या काटेकोर नजरेनें या परदेशी पेटीचें स्थान संशयाचें होतें; आईला त्याची दाद नव्हती.

पुढें दर आपोआप कोसळले. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमनें देशांत कोठेंहि मिनिटाला एक रुपया हा दर आणला. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओनें मोबाइलवरचें बोलणें पाकिटांच्याच रीतीनें चालवून त्याचा वेगळा आकार घेणें सोडलें. आणि मग, जून २०१८ मध्यें, सिन्नरची घंटा वाजविण्यासहि परवानगी मिळाली. पुढच्याच महिन्यांत निगमनें 'विंग्ज' ही सेवा जाहीर केली. वर्षाला १,०९९ रुपये भरले कीं इंटरनेटवरून देशांत हवें तितकें बोलावें. सोळा वर्षें अडविलेली वाट मोकळी झाली तेव्हां तीवरून जाण्याची निकड बहुतेकांस उरली नव्हती. २०१९ पासून काचेच्या धाग्यानें इंटरनेट देणाऱ्या कंपन्या घरांत बसविलेल्या पेटीलाच टेलिफोन जोडून देऊं लागल्या, आणि एके काळची बंदी घातलेली युक्ति हाच घरगुती टेलिफोनचा शिरस्ता झाला.

या सोयींत एक उणीव मात्र आहे. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनला वीज केंद्रांतून, तेथल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून मिळे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत नाशिकसारख्या शहरांतहि तासन् तास दिवे जात, पंखे थांबत, पण तो टेलिफोन चालू राही, आणि अंधारांत डॉक्टरास बोलावतां येई. राउटर व पेटी यांना घरची वीज लागते. ती गेली कीं घरांतला टेलिफोन मुका होतो. मोबाइल आहे म्हणून कोणी फारसें बोलत नाहीं, परंतु जेथें म्हातारीं माणसें एकटीं राहतात आणि मोबाइलचीं बटणें त्यांस दिसत नाहींत, तेथें याचा विचार करावाच लागतो. राउटरसाठीं पुस्तकाएवढी एक बॅटरी बाजारांत मिळते. कांहीं तास तरी ती पुरते. टेलिफोनच्या पेटीलाहि तीच लागू पडते कीं नाहीं, एवढें विकत घेतांना पाहून घ्यावें लागतें.